लाज नसते, की टिकत नाही?

‘मनोविकृत स्वभावाच्या (म्हणजे ‘सायकोपॅथ’) माणसांना लाजच नसते’ हे आपले विधान मला अर्धेच पटते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी अशा माणसांविषयी १९४१ मध्ये नोंदवलेल्या लक्षणांत पश्चात्ताप व लाज यांचा अभाव हे एक होते, हे खरे. परंतु अपराधभाव केलेल्या कृत्याविषयी असतो आणि लाज स्वतःविषयी, हा भेद येथे विसरता कामा नये. दुसरे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड नॅथन्सन यांनी लाजेला तोंड देण्याचे चार मार्ग मांडले आहेत: माघार घेणे, स्वतःला दोष देणे, टाळणे आणि दुसऱ्यावर उलटणे. अशी माणसे बहुधा शेवटचा मार्ग धरतात, असे माझे मत आहे.

कोल्हापुरात शाहूपुरीतील एका गुळाच्या अडतीवर आमच्या नात्यातील भागीदाराची लबाडी उघडकीस आली, तेव्हा मी समोरच बसलो होतो. खतावणीवर दिवाणजींचे बोट थांबले, भागीदाराच्या कानाच्या पाळ्या क्षणभर लाल झाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी तो त्या वृद्ध, चोख माणसावरच चोरीचा आळ घेऊ लागला. त्याच्यावर मी कोणताही शिक्का मारत नाही, तो अधिकार तज्ज्ञांचा. पण ती लाली मी पाहिली आहे. दिवाणजी मात्र त्यानंतर आठवडाभर पेढीची पायरी चढले नाहीत.