‘स्ट्राइड लेंथ’ला मराठीत काय म्हणावं? पाऊल, ढांग की आणखी काही?

बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही त्यांना पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. त्याचं ॲप मराठीत लावून दिलं. सुरुवातीला उंची, वजन आणि ‘ढांगेची लांबी’ (इंग्रजीत ‘स्ट्राइड लेंथ’) भरायची होती. बाबांनी अंगणात खडूने रेघ ओढली, एक ढांग टाकली, टेप लावला. ९५ सेंटिमीटर. तेवढे भरले.

घरापासून धरणाच्या फाट्यापर्यंत जाऊन-येऊन ३.६ किलोमीटर होतात, हे गाडीच्या मीटरवर अनेकदा पाहिलेलं आहे. घड्याळ मात्र रोज ५.७ दाखवायला लागलं. पावलं बरोबर होती, सुमारे ६०००. बिघडला होता तो गुणाकार. बाबांचं घड्याळ साधं आहे, त्यात जीपीएस नाही. मनगटाच्या हालचालीत ठरावीक तालाचे हिसके आले की ते एक पाऊल धरतं, आणि पावलांच्या आकड्याला आपण दिलेल्या लांबीने गुणतं. अंतर ते स्वतः मोजत नाही.

बाबांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्याकडे ढांग म्हणजे ओढा किंवा चिखल ओलांडताना टाकतात ती. ‘ढांगा टाकत गेला’ म्हणजे घाईने, लांब लांब पाय टाकत गेला. रोजच्या चालीला कोणी ढांग म्हणत नाही. मग या रकान्यात कोणता शब्द हवा होता? ‘पावलाची लांबी’ चालेल का?

प्रतिसाद १

‘पावलाची लांबी’ म्हटलं असतं तर बाबांनी तळपाय मोजला असता! चपलेच्या दुकानात आपण पाऊल याच अर्थाने वापरतो. पाऊल म्हणजे पायाचा भाग, पाऊल म्हणजे चालताना पुढे टाकलेला पाय, आणि उमटलेला ठसाही पाऊलच (दारात काढलेली लक्ष्मीची पावलं). एवढे अर्थ असलेला शब्द मोजणीला चालतो, मापाला अडतो.

मोजणीसाठी मात्र त्याच्यासारखा शब्द नाही. जेवणानंतरच्या फेरीला आपण शतपावली म्हणतो, म्हणजे चालण्याचं नावच पावलांच्या आकड्यावरून पडलंय. जपानमध्ये १९६५ साली कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजणारं यंत्र. रोज दहा हजार पावलांचा आकडा जगभर गेला तो तिथून. आपली शंभराची, त्यांची दहा हजारांची.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंग्रजीतच हा घोळ आहे, म्हणून भाषांतरात उतरतो. आमच्या शास्त्रात उजव्या टाचेपासून डाव्या टाचेपर्यंत ती ‘स्टेप’, आणि उजवी टाच टेकल्यापासून तीच पुन्हा टेकेपर्यंत ‘स्ट्राइड’. म्हणजे दोन स्टेपांची एक स्ट्राइड. घड्याळवाले पुष्कळदा एका पावलाच्या लांबीलाच स्ट्राइड लेंथ म्हणतात. पुस्तकातली व्याख्या वाचून कोणी आकडा भरला तर अंतर थेट दुप्पट येईल.

ही गफलत जुनी आहे. मैल हा शब्द लॅटिनमधल्या ‘हजार पावलां’वरून आला, पण रोमन मैल सुमारे १४८० मीटरचा होता. हजाराने भागा, एका पावलाला जवळजवळ दीड मीटर येतो. एवढं लांब कोण चालतं? त्यांचं ‘पासुस’ म्हणजे दुहेरी पाऊल, म्हणून हिशोब बसतो.

बाबांसाठी एक सांगते. रकाना रिकामा ठेवला तर बरीच ॲप उंचीवरून अंदाज घेतात, उंचीच्या साधारण ०.४१ पट. वय वाढतं तसं पाऊल आखूड होतं, त्यामुळे वयस्कर माणसाला हा अंदाज जास्तच येतो. प्रत्यक्ष मोजलेलं बरं. आणि चालताना एका हाताने ट्रॉली किंवा नातवाची बाबागाडी ढकलत असतील तर घड्याळ दुसऱ्या हातात बांधा. मनगट स्थिर राहिलं की पावलं गळतात.

प्रतिसाद ३

‘कदम’चा विचार करा. अरबीतून आलेला, कवायतीतला शब्द आहे, त्यात ठरावीक मापाची सूचना आहे. ठरावीक पावलांनी अंतर काढण्याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी तिबेटची मोजणी करणाऱ्या पंडित नैनसिंह रावत यांचं. १८६५-६६ मध्ये ते वेश बदलून नेपाळमार्गे ल्हासापर्यंत गेले. चढ असो की उतार, पाऊल सारखं पडावं असा सराव त्यांच्याकडून करून घेतला होता. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते, दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. म्हणजे एका मण्यामागे एक शतपावली! आजचं घड्याळ करतं तोच हिशोब. फरक एवढाच की त्यांनी माप पायात बसवलं होतं, आपण ते ॲपमध्ये भरतो.

तरीही कदम मराठी घरात बोलण्यात नाही, हे मान्य.

प्रतिसाद ४

मी पळणारा आहे, जीपीएसचं घड्याळ वापरतो. तिथे पावलाच्या लांबीचा संबंध येत नाही. उपग्रहांवरून थोड्या थोड्या वेळाने जागा कळते आणि एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतच्या सरळ रेघांची बेरीज होते. वळणावर रेघ आतून जाते, अंतर कमी भरतं. उंच इमारतींमध्ये जागा इकडेतिकडे उडते, अंतर वाढतं. मॅरेथॉनमध्ये घड्याळ ४२.१९५ पेक्षा जास्त दाखवतं म्हणून लोक आयोजकांवर चिडतात. पण मार्ग मोजतात तो शक्य तितक्या जवळच्या रेघेने, आणि आपण गर्दीतून बाजू काढत, नागमोडी पळतो. मराठीत आपण अंतर ‘कापतो’. घड्याळ सांगतं ते कापलेलं अंतर, रस्त्याचं नव्हे. बोलताना हे दोन वेगळे ठेवावेत असं मला मनापासून वाटतं. ट्रेडमिलवर तर जागा बदलतच नाही, तिथे पुन्हा पावलांचाच आधार.

शब्द म्हणाल तर ‘दोन पावलांमधलं अंतर’.

प्रतिसाद ५

त्यात मागच्या अंगठ्यापासून पुढच्या टाचेपर्यंतची मोकळी जागा मोजली जाईल, तळपाय सुटेल. ‘टाच ते टाच’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ताईंचं ऐकून काल परत मोजलं. एक पाऊल मोजायला गेलं की माणूस मुद्दाम लांब टाकतो, म्हणून बाबांना अंगणातून नेहमीसारखं चालायला सांगितलं आणि २० पावलांनंतर थांबवलं. पहिल्या टाचेपासून शेवटच्या टाचेपर्यंत १२ मीटर भरले.

‘टाच ते टाच’ मी लिहूनही ठेवलं होतं. पण बाबांनी त्यांच्या हिशोबाच्या वहीत लिहिलं ते असं: ‘२० पावलं, १२ मीटर. पावलागणिक ६० सेंमी.’

पावलागणिक! यात तळपाय येत नाही, ओढ्यावरची ढांग येत नाही, दुहेरी पावलाचाही घोळ नाही, आणि भागाकार शब्दातच आहे. ‘पावलागणिक अंतर’ असं ॲपवाल्यांना आज कळवलं. आज सकाळी फाट्यापर्यंत जाऊन आल्यावर घड्याळात ३.६ होते.