विषय: घडीचं कुंपण कोणाकडे आहे? (तातडीचं)

माई:
मंडळी, आपल्या मंडळाच्या सहलीला छोट्यांसाठी लावलेलं घडीचं कुंपण सध्या कोणाकडे आहे? आज संध्याकाळीच हवंय. ससे आले, दोन्ही. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या लोकांनी बजावलं होतं की पहिले काही दिवस अख्खं घर मोकळं देऊ नका, एकच कोपरा द्या. कोपरा दिला, सूटकेसा उभ्या करून आडोसाही केला. पण पांढरी फटीतून निसटली आणि पुस्तकांच्या कपाटामागे जाऊन बसली. राउटरच्या वायरी तिथेच आहेत. काळा खोक्यात आहे, त्याची तक्रार नाही. अण्णा, कोठीत आहे ना?

अण्णा:
कोठीत आहे. पण बाहेर न्यायचं तर सचिवांची संमती आणि वहीत नोंद लागते. स्पीकरच्या वायरचं काय झालं ते सर्वांना आठवत असेलच. शिवाय कुंपण प्लास्टिकचं. ससा कुरतडणार आणि पुढच्या सहलीत कोणाचं तरी बाळ तेच तोंडात घालणार.

नाना:
एवढं कुंपण-बिंपण कशाला? आमच्या काकांकडे ससे होते. खुराड्यात असायचे. कान धरून उचलायचे, गाजर द्यायचं, संपलं. तोवर एक माझ्याकडे ठेवा, माईंचा भार हलका होईल.

बेबीताई:
नाना, कृपा करा, कान धरून कोणी उचलू नका. जिवंत कान आहेत ते, मूठ नव्हे. ससा घाबरून मागचे पाय झाडतो आणि खालून आधार नसेल तर त्याच्याच जोराने पाठीचा कणा मोडू शकतो. गाजरात साखर असते, ते अधूनमधून एखादी चकती. पोट भरायचं ते गवतावर, सुकं गवत दिवसरात्र समोर हवं. आणि जोडी तर अजिबात तोडायची नाही. वेगळे ठेवले तर परत एकत्र आणताना भांडू शकतात. एकाला डॉक्टरकडे न्यायचं असलं तरी मी दुसऱ्याला सोबत नेते.

माई, पांढरीला ओढून काढू नका. तिच्या लेखी वरून येणारा हात म्हणजे झडप घालणारा शिकारी. राउटर हलवा, वायरी उचलून घ्या आणि गवत-पाणी कपाटाच्या तोंडाशी ठेवा. लपली आहे याची काळजी नको. खाते का आणि लेंड्या पडतात का, ते बघा. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या पडत असतील तर ठीक. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट न बघता सशांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे जायचं. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं, थांबलं की जिवावर बेतू शकतं.

सचिव:
कुंपणाला संमती आहे. रविवारची बैठक माईंकडे ठरली आहे, ती हलवायची का? गाजराची चर्चा कृपया वेगळ्या विषयाखाली करावी.

नाना:
खुराड्यातलेही चांगले जगले हो. गाजराचं मी फक्त निमित्त दिलं.

माई:
बैठक हलवाच. काल कुकरची शिट्टी झाली तर काळ्याने मागचा पाय असा आपटला की खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल.

बेबीताई, खातायत दोघं. लेंड्या मोजत बसले नाही, पण भरपूर आहेत. पहाटे मी जमिनीवर आडवी पडले, तोंड भिंतीकडे करून. पांढरी बाहेर आली. मागचे पाय होते तिथेच ठेवून पुढचं अंग इतकं लांबवलं की मला वाटलं आता तुटते. बाही हुंगली, मागे पळाली, परत आली. मग चष्म्याच्या डबीवर हनुवटी घासली, दोनदा. मी हलले नाही, मान अवघडली. पण गळ्याखाली काही झालंय का तिला?

नाना:
खाज. पिसवा असतील. आंघोळ घाला.

बेबीताई:
आंघोळ मुळीच नाही! भिजल्यावर गारठतात आणि भीतीनेच अर्धे होतात. माई, हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात, घासून ती खूण करते. डबी आता तिची. तिने पुन्हा यावं असं वाटत असेल तर हात पुढे करू नका. तिला नाकासमोरचं अगदी जवळचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात ना. आणि स्वतःचीच मऊ, घोसासारखी विष्ठा अंगातून बाहेर पडतानाच थेट तोंडाने घेऊन खाताना दिसली तर घाबरू नका, ती त्यांची गरजच आहे.

आता कुंपणाचं. अण्णा, उंची किती?

अण्णा:
दोन फूट. मजबूत आहे. सहलीत एकही मूल ओलांडून गेलं नाही.

बेबीताई:
मूल नाही जाणार, ससा जाईल. दोन फूट बरेच ससे सहज उडतात. तीन फुटी जाळी हवी, कुत्र्याच्या पिल्लांसाठी असते तशी. माझ्याकडे एक पडून आहे, संध्याकाळी आणते.

अण्णा:
हे आधी सांगायला हवं होतं. मंडळाचं सामान असताना खासगी जाळी आणायची म्हणजे उद्या प्रत्येकजण तेच करेल. वर चादर टाकली तर?

बेबीताई:
चादर खातील.

माई:
अण्णा, मनापासून आभार, पण जाळीच घेते. काळा आत्ता सूटकेसवर चढून बसलाय.

अण्णा:
जशी इच्छा. मात्र वहीत नोंद झालेली आहे आणि नोंद खोडता येत नाही. माईंनी नेल्याची आणि परत केल्याची, अशा दोन सह्या येऊन कराव्यात. कुंपण कोठीतून हलवायची गरज नाही.