सपाट वक्र?

शाळेतल्या बाई : विज्ञान दिनाला मुलांना खोडदची रेडिओ दुर्बीण दाखवायला नेतोय. त्याआधी दीर्घिकांवर (गॅलेक्सींवर) मराठीत तक्ता करतेय. ‘रोटेशन कर्व्ह’ला एके ठिकाणी ‘परिवलन वक्र’ सापडलं आणि लगेच पुढे ‘हा वक्र सपाट असतो’. आमची सातवी खो खो हसेल. बरा शब्द आहे का?

कोथरूडकर : बाई, भूगोलातलंच धरा. स्वतःभोवती ते परिवलन, दुसऱ्याभोवती ते परिभ्रमण. अख्खी दीर्घिका स्वतःभोवती फिरते म्हणून कुणी परिवलन केलं असेल. पण दीर्घिका म्हणजे भोवरा नव्हे. आतले तारे फेरी लवकर पुरी करतात, बाहेरच्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. आलेखात असतो तो केंद्रापासून अमुक अंतरावरच्या ताऱ्यांचा नि वायूचा वेग. म्हणून ‘परिभ्रमण-वेग आलेख’. लांबलचक आहे, पण आलेख सपाट असला तर कुणी हसत नाही.

शाळेतल्या बाई : सपाट असण्याचं एवढं कौतुक का?

कोथरूडकर : मेख तिथेच आहे! बुध सेकंदाला ४७ किमी धावतो, पृथ्वी ३०, नेपच्यून जेमतेम साडेपाच. सूर्यापासून लांब जाल तसा वेग उतरतो. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेतही बाहेर तसंच व्हायला हवं होतं. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांची मोजणी १९७० मध्ये आली, तर वेग उतरेचना. हायड्रोजनच्या २१ सेंमी रेडिओलहरींवरून आणखी बाहेरपर्यंत पाहिलं, तरी तेच. या लहरी खोडदलाही टिपतात, हे मुलांना आवर्जून सांगा.

पर्वती पायथा : वेग न उतरण्याचं कारण म्हणून फक्त ‘कृष्णद्रव्यामुळे’, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीमुळे, असं लिहून मोकळ्या होऊ नका. भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये वेगळी वाट काढली : त्वरण (वेग बदलण्याचा दर) १ मी/से²च्या सुमारे दहा अब्जाव्या हिश्शाखाली गेलं, की न्यूटनचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. तिथे ओढ अंतराच्या वर्गाने नाही, नुसत्या अंतराच्या प्रमाणात घटते, आणि वेग आपोआप सपाट येतो. याला ‘सुधारित न्यूटनीय गतिकी’ म्हणतात, पण ‘सुधारित’ म्हटलं की न्यूटन चुकला हे आधीच ठरवून टाकल्यासारखं होतं. ‘बदललेली’ म्हणावं.

कोथरूडकर : सहमत. एक जोड : दीर्घिकांच्या समूहांत या सिद्धांतालाही न दिसणारं द्रव्य लागतंच. ती ओळ गाळू नका.

शाळेतल्या बाई : घातली. मथळा ‘आकाशगंगांचा वेग’ चालेल?

पर्वती पायथा : नाही हो. आकाशगंगा आपली एकच, बाकीच्या दीर्घिका.