मदत हवी आहे: नेब्युलायझरच्या कपातून औषध जातं, पण फिल्टरवर सापडत नाही

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांचे पार्ट काढून दिले, आता स्वतःचा जेट नेब्युलायझर (दाबाच्या हवेने पातळ औषधाचा श्वासात ओढण्याजोगा धूर, म्हणजे बारीक थेंब, करणारं यंत्र) करायला घेतलाय. कप, टी-पीस (कप आणि माउथपीस जोडणारा टी आकाराचा तुकडा), माउथपीस आमचं, कॉम्प्रेसर बाहेरून घेतलेला. डोळ्यांसमोर गिऱ्हाईक आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि तालुक्याची छोटी हॉस्पिटलं, जिथे संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं. धूर झकास निघतो. पण दाखवायला नेला तर एक डॉक्टर म्हणाले, "धूर राहू द्या, पेशंटच्या आत किती जातं ते सांगा." तिथेच घोडं अडलंय.

मोजायला असं जुळवलंय: गिअर मोटरवर स्कॉच योक (फिरणं मागे-पुढे हालचालीत बदलणारी जोडणी), त्याला मोठी सिरिंज. मिनिटाला 15 श्वास, प्रत्येकी 500 मिली. माउथपीस आणि सिरिंजच्या मध्ये फिल्टर. सालब्युटामॉल या दम्याच्या औषधाचं 2.5 मिग्रॅ / 2.5 मिली रेस्प्यूल (एका डोसची कुपी) कपात ओततो, औषध संपत येऊन कप फडफडायला लागला की बंद करतो. फिल्टर धुऊन ओळखीच्या लॅबमध्ये यूव्हीवर 276 नॅनोमीटरला मोजून घेतो.

कपाचं वजन साधारण 1.5 ग्रॅमने घटतं, म्हणजे हिशेबाने 1.5 मिग्रॅ औषध गेलं. फिल्टरवर मात्र 0.55 मिग्रॅच्या आसपासच मिळतं. बाकीचं जातं कुठे? फिल्टर गळतोय म्हणावं तर मागे दुसरा लावून बघितला, तो कोरा.

दुसरा प्रश्न. मोल्ड चार कॅव्हिटींचा (खाचांचा) आहे, एका वेळी चार कप निघतात. तीन नंबरच्या कॅव्हिटीतले कप फडफडायला उशीर करतात आणि फिल्टरवर औषधही कमी देतात. ड्रॉइंग एक, मटेरियल एक.

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

फार्मसी कॉलेजात शिकवते, म्हणून लिहिते. वजनावर जाऊ नका. कपातून औषधाचे थेंब जातात तसं नुसतं पाणीही वाफ होऊन जातं. कॉम्प्रेसरची हवा कोरडी असली की जास्तच. कप हाताला गार लागतो ना? बाष्पीभवनाने आतलं द्रावण सहज 10 अंशांनी उतरतं. पाणी उडतं, औषध मागे राहतं, त्यामुळे उरलेलं द्रावण घट्ट होत जातं. मे महिन्यात सोलापुरात आणि जुलैत रत्नागिरीत हाच कप वजनाने वेगवेगळी उत्तरं देईल.

औषधाचा ताळा लावा. कप, टी-पीस, माउथपीस वेगवेगळे धुऊन प्रत्येकातलं सालब्युटामॉल मोजा. आणि टी-पीसच्या उघड्या तोंडाशी दुसरा फिल्टर बसवा. पेशंट श्वास सोडत असतो तेव्हाही तुमचा जेट चालूच असतो, तो धूर खोलीत जातो. बेरीज 2.5 च्या जवळ आली नाही तर दोष धुण्यात किंवा लॅबमध्ये, कपात नव्हे.

युरोपच्या जुन्या मानकात औषधाऐवजी सोडियम फ्लोराइड वापरायचे, तेही याच कारणासाठी. आता नेब्युलायझरचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 27427 बघा.

प्रतिसाद

जेट कशाला, सरळ मेश (कंप पावणाऱ्या बारीक जाळीतून थेंब काढणारा) करा की. आवाज नाही, कपात जेमतेम काही थेंब उरतात, बॅटरीवर चालतं.

धागाकर्ता

@मेश: पटतं, पण त्या जाळीला हजारभर बारीक भोकं असतात आणि ती मला कोणी रुपयांत देत नाही. शिवाय आरोग्य केंद्रात बुडेसोनाइडही चालतं. ते सस्पेन्शन, म्हणजे पाण्यात न विरघळलेले कण, आणि धुतलं नाही तर जाळी बसली. आमचा कप साबणाच्या पाण्यात बुचकळला तरी भागतं.

@फार्मसी मॅडम: आपण म्हणालात तसं केलं. कपात 1.3 मिग्रॅ उरलेलं निघालं! म्हणजे बाहेर पडलं फक्त 1.2. त्यातलं 0.55 श्वासाच्या फिल्टरवर, 0.5 उच्छ्वासाच्या, उरलेलं टी-पीसच्या भिंतींना. ताळा जमला. अनेक आभार.

म्हणजे मुख्य चोर कपच आहे. एक मिली तळाशी आणि भिंतींना राहतंय.

प्रतिसाद

लहान मुलांच्या वॉर्डात काम करतो. उरणारं कमी करा हे बरोबरच, पण आमच्याकडे काय होतं तेही ऐका. रडणाऱ्या मुलाच्या तोंडापासून आई मास्क दोन बोटं लांब धरते, तिथेच निम्म्याहून जास्त वाया. झोपलेल्या पेशंटचा कप आडवा होतो आणि जेट नुसती हवा मारत बसतो. तुमचा कप 45 अंशांत तिरका करून चालतो का, ते आधी बघा. आणि तुमची सिरिंज मोठ्या माणसासारखा श्वास घेते. लहान मुलासाठी 155 मिली, मिनिटाला 25, आणि श्वास सोडण्याची वेळ घेण्याच्या दुप्पट. त्यावर आकडा आणखी पडेल, दचकू नका.

रेस्प्यूलमध्ये सलाइन घालून 4 मिलीपर्यंत नेलं तर उरणाऱ्या एक मिलीत औषध कमी अडकतं, पण वेळ वाढतो. दहा मिनिटांच्या वर कोणी बसत नाही, सिस्टरही मास्क काढून मोकळ्या होतात.

प्रतिसाद

टूलरूमवाला. तीन नंबरचं उत्तर मोल्डमध्येच सापडेल. जेटचं भोक पिन गेजने तपासा. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाला पाच शतांश वाढले तर क्षेत्रफळ वीस टक्क्यांनी वाढलं. मग त्याच कॉम्प्रेसरवर दाब पडतो आणि थेंब जाड होतो. 5 मायक्रॉनच्या वरचा थेंब घशातच बसतो. दुसरं, जेटच्या टोकापासून बॅफलपर्यंतचं (जेटसमोरच्या, थेंब फोडणाऱ्या अडथळ्यापर्यंतचं) अंतर चारही कॅव्हिटींत मोजा. कोअर पिन (पार्टचा आतला आकार घडवणारी मोल्डमधली पिन) किंचित मागे बसली असेल तर नुसत्या डोळ्यांना कळणार नाही. बाकी, मोल्डवर सिलिकॉन स्प्रे मारता का? मारत असाल तर थांबवा. भिंतीवर थेंब सुटे चिकटून राहतात, खाली सरकत नाहीत. वैद्यकीय वस्तूला तो नकोच.

आणि रोटामीटर (हवेचा प्रवाह मोजणारी नळी) कुठे लावलाय? कॉम्प्रेसर आणि कप यांच्यामध्ये असेल तर आकडा खोटा. तो उघड्या हवेच्या दाबासाठी असतो. एक बार दाबावर 5 दाखवला तर खरी हवा मिनिटाला 7 लिटर. रिकाम्या कपाच्या तोंडाशी, पुढे कसलाही अडथळा न ठेवता लावा.

धागाकर्ता

तीन नंबरची कोअर पिन खरंच मागे आहे, बॅफलचं अंतर बाकीच्यांपेक्षा 0.2 मिमी जास्त निघालं. भोक ठीक. स्प्रे बंद केला. रोटामीटर मध्येच होता, आता तोंडाशी नेला. 230 व्होल्टला 7 लिटर, व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकने 180 वर आणला तर 5 च्या खाली. म्हणजे संध्याकाळचा पेशंट जाड थेंब ओढणार.

कपाचा तळ जास्त उताराचा करून उरणारं अर्ध्या मिलीपर्यंत आणायचा विचार आहे. उच्छ्वासाची निम्मी गळती रोखायला श्वास घेताना उघडणारी झडप लावता येईल, पण तो एक रबराचा पार्ट वाढला, तो धुताना हरवणार. मला आधी तळ करावासा वाटतो, मग 12 व्होल्टचा पंप.

थेंबाचा आकार मात्र वर्कशॉपमध्ये मोजता येणार नाही. कास्केड इम्पॅक्टर (थेंब आकारानुसार वेगळे करणारं उपकरण) लागेल, तोही 5 अंशांपर्यंत गार केलेला, नाहीतर आतच थेंब सुकून बारीक दिसायचे. पुणे किंवा मुंबईत कुठल्या कॉलेजात, लॅबमध्ये बाहेरच्यांना पैसे भरून वापरू देतात का? माहिती असेल त्यांनी व्यनि करावा, चारही कॅव्हिटींचे कप घेऊन मी येईन.