मदत हवी आहे: फुगू मासा आणि माणूस यांच्या जीनोमची तुलना, इंट्रॉन जुळतच नाहीत

नमस्कार मंडळी. प्रकल्पात गाडं अडलंय. फुगूचा जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) साधारण 40 कोटी बेसजोड्यांचा, माणसाचा 300 कोटींच्या वर, आणि जनुकांची संख्या मात्र जवळपास सारखी. नमुन्याला हंटिंग्टिन या प्रथिनाचं जनुक घेतलं. दोघांतही 67 एक्झॉन (प्रथिनाची माहिती असलेले जनुकाचे तुकडे; त्यांच्या मधले ते इंट्रॉन), पण माणसात त्याने सुमारे 1,70,000 बेस व्यापलेत, फुगूत जेमतेम 23,000.

पूर्ण जनुकांचं अलाइनमेंट केलं, म्हणजे दोन्ही क्रम शेजारी ठेवून जुळवले, की एक्झॉन छान जुळतात आणि मधे नुसता पालापाचोळा. पॅरामीटर बदलूनही तेच. इंट्रॉन जुळायला हवेत का मुळात? शिवाय, फुगूने डीएनए टाकून दिला की सस्तन प्राण्यांनी साठवत नेला? झेब्राफिशही घेऊ का सोबत?

प्रतिसाद १
इंट्रॉनची आशा सोडा. आपली आणि माशांची वाट वेगळी होऊन 40 कोटींहून जास्त वर्षं झाली. नैसर्गिक निवडीचा दाब नसलेला, म्हणजे बदलला तरी काही न बिघडणारा डीएनए एवढ्या काळात ओळखूही येत नाही. प्रथिनाच्या क्रमावरून शोध घ्या, एक्झॉनच्या सीमा ठरवा, मग इंट्रॉनच्या फक्त जागा आणि लांबी ताडून बघा. जागा बहुतेक त्याच निघतील.

एखादा तुकडा मधेच जुळला तर मात्र तो फेकू नका. भ्रूणाच्या वाढीची जनुकं असतात तिथे असे तुकडे सापडतात. झेब्राफिशच्या भ्रूणांत तपासल्यावर त्यांतले बरेच जनुक चालू करणारे एनहान्सर निघालेत.

टाकलं की साठवलं? दोन्ही. आपला निम्मा जीनोम ट्रान्सपोझॉनसारख्या (जीनोममध्ये जागा बदलणारे, स्वतःच्या प्रती पसरवणारे तुकडे) पुनरावृत्त क्रमांचा, फुगूत ते 10 टक्क्यांच्या आत. गंमत म्हणजे फुगूत ट्रान्सपोझॉनचे प्रकार आपल्यापेक्षा जास्त, प्रती तेवढ्या मोजक्या. त्याच्याच नात्यातल्या काटेरी फुग्या माशांचा जीनोम जवळपास दुप्पट आहे, त्यामुळे फुगूच्या शाखेत आटणं झालं असावं.

झेब्राफिश मासा असला तरी आटोपशीर नाही हं! सुमारे 140 कोटी बेसजोड्या, त्यांत निम्म्याहून जास्त पुनरावृत्ती. वर, अस्थिमत्स्यांच्या या मोठ्या शाखेत पूर्वी अख्खा जीनोम दुप्पट झाला होता, म्हणून माणसाच्या एका जनुकाला माशात दोन जोडीदार मिळू शकतात. आधी त्या जनुकांचा वंशवृक्ष काढा, मग कोण कोणाचा जोडीदार ते ठरवा.

धागाकर्ता
आभार! इंट्रॉनसाठी मग माशाऐवजी उंदीर घेतला तर?

प्रतिसाद २
जुळेल बरंच, पण त्यावरून काही ठरवू नका. उंदीर आणि माणूस वेगळे होऊन 9 कोटी वर्षांच्या आसपासच झाली, त्यामुळे बिनकामाचा डीएनएही अजून थोडाफार जुळतो. फुगूत टिकलेला तुकडा म्हणूनच जास्त भरवशाचा.