गिलक्याला नुसतीच फुलं, फळ धरत नाही... परसबागेचं पहिलंच वर्ष आहे, मदत करा

अमळनेरची_सून
नमस्कार मंडळी, यंदा पहिल्यांदाच घरामागच्या मोकळ्या जागेत भाजीपाला लावलाय. अर्धा गुंठा असेल जेमतेम, माती काळी. जूनमधे पाऊस पडल्यावर शेणखत मिसळून भेंडी, गवार, गिलके (घोसाळी), दोडके, मिरची आणि भरताची वांगी लावली. भेंडी गवार इतकी निघतेय की शेजारीपाजारी वाटून पण उरते, त्याचा आनंदच आहे, पण बाकी ठिकाणी अडलंय.
गिलक्याचा वेल पार पत्र्यावर गेलाय, रोज सकाळी पिवळीधम्मक फुलं, आणि फळ म्हणाल तर एखादं बोटाएवढं दिसतं ते पण पिवळं पडून गळून जातं. दोडक्याचं तेच. वांग्याची झाडं छान वाढली होती पण आता शेंडे माना टाकताय, माती ओली असून पण. आणि भेंडी काही काही एकदम निबर होते, सुरीने कापली जात नाही. सासूबाई म्हणताय युरिया दे, समोरचे काका म्हणताय औषध मार. घरातली पोरं झाडावरची भेंडी तोडून तशीच कच्ची खातात त्यामुळे औषधाची भीती वाटते. काय करू?

यावलचा_केळीवाला
ताई, युरिया अजिबात नका देऊ. काळ्या मातीत शेणखत पडलंय, त्यावर युरिया दिला की वेल नुसता पाला काढत बसेल. वेलाला आधी नर फुलं येतात, घोसाने. मादी फुलं नंतर, एकेकटी, आणि त्यांच्या मागे देठाजवळ बारीक गिलक्याचा आकार आधीच असतो. तुम्हाला बोटाएवढं जे दिसतं ते तेच, त्याच्यावर पराग पडला नाही की पिवळं पडून गळतं. म्हणजे मादी फुलं यायला लागलीय, ही चांगली गोष्ट आहे.
आता हाताने परागीकरण करा. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला पिवळा भुरका भाग मादी फुलाच्या मधे हलक्या हाताने फिरवायचा, झालं. पण वेळ नीट पाळा. गिलक्याचं फूल भल्या पहाटे उमलतं म्हणून ते सकाळीच करायचं, आणि दोडक्याचं उमलतं संध्याकाळी, दिवस कलल्यावर. सगळेजण दोन्ही सकाळी करायला जातात आणि मग म्हणतात दोडक्याला लागू पडत नाही. दुधी लावला असेल तर त्याची पांढरी फुलं पण संध्याकाळचीच.
अजून एक, गळलेलं फळ एकदा चिरून बघा. आत बारीक पांढऱ्या अळ्या असतील तर मग फळमाशी आहे, तिथे परागाचा संबंध नाही. तशी फळं वेचून खोल पुरा आणि क्यू ल्यूरचा सापळा (वासाने नर फळमाश्या ओढून घेणारा) लावा, कृषी केंद्रात मिळतो.

पांझराकाठ
वांग्याचं मी सांगते. माती ओली असून शेंडा मान टाकतो म्हणजे बहुतेक शेंडा पोखरणारी अळीच. सुकलेल्या शेंड्याच्या थोडं खालून कात्रीने कापा आणि उभा चिरून बघा, आत गुलाबीसर अळी आणि काळी विष्ठा दिसेल. कापलेले शेंडे खताच्या खड्ड्यात टाकू नका हां, तिथून ती पतंग होऊन परत येते, जाळून टाका. हे रोज केलं तरच उपयोग, कारण आज शेंड्यात आहे ती पिढी उद्या वांग्यात जाते. जोडीला कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारा) लावा.
भेंडी एक दिवस आड तोडायचीच, पाऊस असो नसो. टोक अंगठ्याने मोडून बघा, कट्कन मोडलं तर कोवळी. निबर झालेली पण तोडून टाका, झाडावर राहिली की झाड बी भरण्यात लागतं आणि नवीन फूल कमी होतं. बी धरायचं तर एखादं झाडच त्यासाठी सोडा, मात्र पाकीट हायब्रीडचं असेल तर त्या बियाचा भरवसा नाही.

शिरपूरकर_दादा
एवढी उठाठेव कशाला, एक फवारा मारला की आठ दिवस बघायचं काम नाही. आम्ही शेतात तेच करतो.

यावलचा_केळीवाला
दादा शेतात ठीक आहे, तिथे फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं आणि आपण ते पाळू शकतो. इथे भेंडी एक दिवस आड तोडायची आणि पोरं झाडावरूनच खाणार, तो कालावधी बसवणार कुठे? शिवाय सकाळी फवारलं की मधमाशी मरते आणि मग गिलक्याचं रडगाणं कायमचंच. मारायचंच झालं तर ५ टक्के निंबोळी अर्क, तोही ऊन उतरल्यावर.

अमळनेरची_सून
पांझराकाठ ताई, शेंडा चिरला, अळी निघाली!! पोरांनी पण पाहिली, आता तेच रोज सकाळी सुकलेले शेंडे शोधत फिरताय. गिलक्याची दोन चार फळं टिकलीय आणि जाड होताय. दोडक्याला आजपासून संध्याकाळी करते. आता थंडीसाठी काय लावू? आणि भरताचं वांगं तोडायचं केव्हा ते कसं कळतं?

पांझराकाठ
अरे वा! वांग्याची चकाकी बघायची, साल चमकतेय आणि वांगं भरलंय तोवर तोडायचं. चमक जाऊन पिवळसर झाक आली की आत बी झालं समजा, भरतात कचकच लागतं. हिसडून ओढू नका, देठासकट कात्रीने कापा.
थंडीला मेथी, पालक, मुळा, लसूण. धणे लाटण्याने रगडून दोन फाकी करून पेरा, अख्खे लवकर उगवत नाही. आणि कांदे आत्ताच लावून टाका, पातीसाठी. चंपाषष्ठीला भरीत होईल तेव्हा पात घरचीच हवी.

यावलचा_केळीवाला
आणि त्या वांग्याचं एक निरोगी झाड बियाला राखा. आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मधे भौगोलिक मानांकन मिळालंय, असलं गावरान बी घरात पाहिजेच. फळ झाडावरच पूर्ण पिवळं होऊ द्या, मग बी काढून धुवून सावलीत वाळवा आणि राख लावून डब्यात ठेवा.
टोमॅटो लावायचा तर आत्ताच रोप टाका. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन चढलं की फूल गळतं, तेव्हा कितीही पाणी घातलं तरी फळ धरत नाही. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा वाफ्यावर केळीची वाळलेली पानं अंथरा, आमच्याकडे यावल रावेरला बागेबाहेर ढीग पडलेले असतात, कोणी इकडे येणार असेल तर गोणीभर घेऊन जा.

शिरपूरकर_दादा
ताई, भरीत भाजायला पऱ्हाटीच्या काड्या लागतील तर सांगा, कापूस वेचून झाला की शेतात पडूनच असतात. गॅसवर भाजलेल्याला ती चव नाही.

अमळनेरची_सून
दादा नक्की पाठवा, भरीत ठेचायची लाकडी बडगी सासूबाईंची आहेच. कांद्याचं रोप उद्या बाजारातून आणते.