रे: शार्लटची सहाशे मैलांची रेस आणि आपली गाऱ्हाणी

ताई लिहितात:

मंडळी,

मे महिन्याच्या शेवटी शार्लटची रेस जवळ आली की अमेरिकेतल्या नॅसकार या मोटार शर्यतींबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गाड्या इतक्या सेफ केल्या की नॅसकारची मजाच गेली." मला हे अजिबात पटत नाही. मजा कमी झाली असेल तर ती ट्रॅक, टायर आणि टीव्ही यांनी केली. ट्रॅकच्या कडेच्या, धक्का झेलणाऱ्या बिचाऱ्या "मऊ भिंती"वर आळ कशाला? ज्याला जे खुपतं ते कारणासकट लिहा. नुसतं "पूर्वीसारखं राहिलं नाही" नको.

– ताई

---

अण्णा लिहितात:

ताई, भिंतीपासूनच सुरुवात करतो.

"मऊ भिंत" म्हणतात खरं, पण हाताला ती पोलादच लागते. सेफर बॅरियर म्हणजे चौकोनी पोलादी नळ्या एकावर एक ठेवून वेल्ड केलेल्या, आणि त्यांच्यामागे काँक्रीटपर्यंतच्या जागेत फोमचे ठोकळे. गाडी आदळली की पोलाद थोडं वाकतं, फोम चेपतो आणि धक्का काही मिलिसेकंद लांबतो. सगळा जीव त्या मिलिसेकंदांत आहे. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाने ती तयार केली आणि मे २००२ मध्ये इंडियानापोलिसच्या ट्रॅकला पहिल्यांदा बसवली. त्याआधी, मे २००० ते फेब्रुवारी २००१ एवढ्या काळात अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर आणि डेल अर्नहार्ट हे चार ड्रायव्हर धडकेत गेले. अर्नहार्टची धडक टीव्हीवर किरकोळ वाटली होती, पण कवटीचा तळ फुटला होता. सीटच्या पट्ट्यांनी धड जागच्या जागी धरलं आणि डोकं पुढे गेलं, की हेच होतं. हॅन्स नावाचा कॉलर यासाठीच असतो: तो खांद्यांवर बसतो, पट्टे त्याच्यावरून येतात आणि दोन दोऱ्या हेल्मेटला जोडतात. डोक्या-मानेचं असं बंधन ऑक्टोबर २००१ मध्ये सक्तीचं झालं.

आता माझं गाऱ्हाणं. हॅन्स मुख्यतः पुढच्या धडकेत कामाला येतं. मागून आदळलात तर डोकं जातं हेडरेस्टवर. २०२२ च्या नव्या गाडीत मागचा सांगाडा मधल्या भागाला बोल्टने जोडतात, म्हणजे ठोकल्यावर तेवढाच बदलता येतो. कल्पना चांगली, पण सांगाडा फार ताठ निघाला. त्या जुलैत पोकोनोला कर्ट बुशची गाडी क्वालिफाइंगमध्ये (रेसआधीच्या क्रम ठरवणाऱ्या फेरीत) मागच्या अंगाने भिंतीला लागली. मेंदूला मार बसला आणि त्याची पूर्णवेळ कारकीर्द तिथेच संपली. सप्टेंबरात टेक्ससला अ‍ॅलेक्स बोमनचं तेच झालं, त्याच्या पाच रेस हुकल्या. पुढच्या वर्षी नॅसकारने मागचा भाग मुद्दाम नरम केला. उशिरा का होईना, केलं. धडकेनंतर गाडी कागदासारखी चुरगळलेली दिसली तर खूश व्हा. गाडी धड राहिली असेल तर तिने न घेतलेला मार कोणीतरी घेतलाय.

मागणी एकच: माउथगार्डमधले धक्का मोजणारे सेन्सर ऐच्छिक म्हणून सुरू झाले, ते सगळ्यांना सक्तीचे करा. गाडीला किती धक्का बसला हे ब्लॅक बॉक्स सांगतो. डोक्याला किती बसला हे दातच सांगतील.

– अण्णा

---

बंड्या लिहितो:

अण्णा, भिंतीचं कौतुक मान्य. पण मऊ भिंत जिथे नसते तिथलं काय? फेब्रुवारी २०१५, डेटोनाचा ट्रॅक, शनिवारची रेस. काइल बुश आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर गेला, उजवा पाय आणि डावं पाऊल मोडलं. "इथवर कोण येणार" म्हणून सोडलेली जागा होती ती. गाडी कुठे जाईल हे गाडी ठरवते.

दुसरं गवत. टीव्हीवर हिरवंगार छान दिसतं, पण आडवी घसरणारी गाडी गवतात शिरली की कड रुतते आणि ती उलटते. ऑगस्ट २०२३ ला डेटोनाच्या बॅकस्ट्रेचवर (मागच्या सरळ पट्ट्यावर) रायन प्रीसच्या गाडीने कोलांट्यांवर कोलांट्या घेतल्या, त्यानंतर तिथलं गवत काढून डांबर टाकलं. हाच प्रीस २०२५ च्या डेटोना ५०० मध्ये पुन्हा हवेत गेला, आणि या खेपेला गवत नव्हतं. नाक वर उचललं गेलं आणि सपाट तळाखाली वारा शिरला. त्या तळाचं शीड झालं. गाडी उडू नये म्हणून छतावरचे फ्लॅप (झडपा) १९९४ पासून आहेत, पण गाडी आडवी किंवा मागे तोंड करून फिरली की ते उघडतात. नाक सरळ वर गेलं तर त्यांचा उपयोग नाही. म्हणून नुसते फ्लॅप वाढवू नका, तळाला हात घाला.

आणि प्रेक्षकांसमोरचं कुंपण! २०१३ ला डेटोनाला काइल लार्सनची गाडी नेमकी फाटकाजवळ कुंपणाला भिडली, इंजीन आरपार गेलं आणि दोन डझनांहून जास्त प्रेक्षक जखमी झाले. जाळीत कमजोर जागा कोणती, तर जिथे माणसांना ये-जा करायला दार ठेवलंय ती. तिकिटं काढताना पहिल्या दहा ओळी सोडा. वर बसलात तर ट्रॅकही पूर्ण दिसतो.

– बंड्या

---

ताई लिहितात:

बंड्या, बरोबर. पण ट्रॅक हा शब्द आलाच आहे तर माझं ऐक.

अटलांटाला २०२२ मध्ये वळणांचा उतार २४ अंशांवरून २८ वर नेला आणि तिथे रस्ता ५५ फुटांवरून ४० वर आणला. आता गाड्या डेटोनासारख्या झुंडीने पळतात. शेवट चुरशीचा होतो, मान्य. पण अरुंद रस्त्यावर एक फिरला की मागच्या दहांना वाट कुठली? याला मी सुधारणा म्हणणार नाही.

उलट ब्रिस्टल बघा. अर्धा मैल आणि थोडा वर, काँक्रीट. मार्च २०२४ ला टायर पन्नासेक लॅपमध्ये (ट्रॅकच्या फेऱ्यांत) झिजत होते. रबर ट्रॅकवर बसेना, गोळ्या होऊन कडेला पडत होतं. ज्याने टायर राखले तो पुढे, ज्याने आधीच पिळले तो मागे. आघाडी ५४ वेळा बदलली, छोट्या ट्रॅकवरचा तो विक्रम. सप्टेंबरात पुन्हा तिथेच गेले, तर टायर झिजेचनात आणि रेस मिरवणूक झाली. म्हणजे कोट्यवधी खर्चून ट्रॅक खणण्याआधी टायर नरम करा.

मार्टिन्सव्हिलला वेगळीच अडचण. मोठे ब्रेक, रुंद टायर, त्यात वळणावर गिअर टाकता येतो. ड्रायव्हर चुकला तरी खालचा गिअर टाकून चूक झाकतो, मग मागच्याला संधी कशी मिळणार? दीड मैलाहून छोट्या ट्रॅकवर २०२६ पासून ६७० ऐवजी ७५० अश्वशक्ती दिली, ते ठीक. जास्त ताकद म्हणजे मागची चाकं लवकर फिरणार आणि टायर लवकर खाणार. टायर दगडासारखा ठेवलात तर त्या ऐंशींचा उपयोग नाही.

– ताई

---

वहिनी लिहितात:

टीव्हीबद्दल कोणी बोलणार नाही असं दिसतंय, म्हणून मी.

ब्रिस्टलची एक लॅप साधारण १५ सेकंदांची. हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे रेस जोरात चालू असताना, तीन मिनिटांची जाहिरात म्हणजे १२ लॅप गायब. शार्लटच्या सहाशे मैलांत शंभर-शंभर लॅपचे चार टप्पे असतात आणि टप्पा संपला की पिवळा झेंडा येतोच, गाड्या सावकाश चालतात. जाहिराती तिथे कोंबा, किंवा अर्ध्या पडद्यावर दाखवा आणि रेस चालू ठेवा. अ‍ॅमेझॉनच्या प्राइमने २०२५ मध्ये जाहिराती आवरत्या घेतल्या, रेसनंतरची चर्चाही लांब ठेवली. म्हणजे जमतं.

कॅमेरा टॅलाडेगाच्या ट्रॅकवर दोनच गाड्यांवर चिकटतो. तिथे गंमत रांगांची असते, कुठली रांग ढकलतेय आणि कुठली तुटली. वरून, लांबून दाखवा. आणि कोपऱ्यातल्या यादीत नुसता क्रमांक नको. टायर किती लॅप जुने आणि पुढच्याशी अंतर किती, हे द्या. टायर-इंधनासाठी पिटच्या फेऱ्या चालू असताना पहिला दिसणारा खरा पहिला नसतो, नवख्यांचा गोंधळ इथेच होतो.

बाकी फॉक्स, एनबीसी, अ‍ॅमेझॉन, टीएनटी असा सात वर्षांचा, ७.७ अब्ज डॉलरचा करार झालाय. रेस कुठे लागणार हे शोधण्यात पहिल्या दहा लॅप जातात. यावर उपाय नाही, वेळापत्रक फ्रिजवर लावा.

– वहिनी

---

अण्णा लिहितात:

वहिनी, एक भर. अपघातानंतर गाडी हलत नाही म्हणून समालोचक घाबरवतात. बऱ्याचदा कारण साधं असतं: १८ इंची चाकांचे टायर बुटके असतात, हवा गेली की तळ डांबराला टेकतो आणि चाकं नुसती फिरतात. ड्रायव्हर ठणठणीत, गाडी बसलेली. अशी गाडी फरफटत नेली की तळाचं आणखी वाटोळं होतं. उचलून चाकाखाली स्केट (छोटी चाकं लावलेली पाटी) सरकवली पाहिजे.

ड्रायव्हर बरा आहे का हे बघायचं असेल तर खिडकीची जाळी बघा. तो ठीक असेल तर स्वतः जाळी खाली सोडतो, मदतवाल्यांसाठी ती खूण आहे. धडकेचा रीप्ले पाच वेळा दाखवण्यापेक्षा एक कॅमेरा त्या जाळीवर धरून ठेवा, आणि ती पडेपर्यंत जाहिरातीला जाऊ नका.

– अण्णा